नाही म्हणायचा महिना

गल्लीत तिला सगळे कॅशियरबाई म्हणतात. गेल्या नऊ वर्षांत तिच्या हातात कुठल्याच गिऱ्हाइकाची कॅश आलेली नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. औषधांच्या एका मोठ्या दुकानात ती गल्ल्यावर बसायची. बारा वर्षं बसली आणि संध्याकाळचा मेळ एकदाही चुकला नाही, हे ती अजून सांगते. ऐकणाऱ्याने किती वेळा ऐकलंय याची ती पर्वा करत नाही. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्यात धाकटी पोटात, आणि घरातल्या दोन पगारांपैकी एक सोडायची वेळ आली. कोणता सोडायचा यावर फार बोलणं झालंच नाही. तिचा पगार लहान होता. तो सुटला.

सासूबाई गेल्या त्यालाही आता पाच वर्षं झाली. त्या गेल्यावर ती एकदा जुन्या दुकानात चौकशीला जाऊन आली. गल्ल्यावर एक चुणचुणीत मुलगी बसली होती. दुकानदार म्हणाला, "बाई, आता सगळं कॉम्प्युटरवर असतं हो." जशी काही ही कॉम्प्युटर बघून किंचाळत पळणार होती! पण ती दुकानदाराने पाजलेला चहा पिऊन घरी आली आणि घरात विचारलं तेव्हा म्हणाली, "जागा नाही."

तेव्हा पगार एकच, तो मास्तरांचा. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कापडाचे. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात ते कटिंग मास्तर. लांबलचक टेबलावर कापडाचे चाळीस-चाळीस थर अंथरायचे, वर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून खडूने रेघ मारायची आणि विजेच्या कटरने सगळे थर एका दमात कापायचे. रेघ चुकली तर एक सदरा चुकत नाही, चाळीस चुकतात. म्हणून मास्तर माणूस जपून चालणारा, जपून बोलणारा. पैशाच्या बाबतीत मात्र ते जपत नसत, कारण ते काम त्यांनी बायकोवर टाकलं होतं. तिची नोकरी सुटली त्या पहिल्या वर्षी पगाराचं पाकीट टेबलावर ठेवलं की मास्तर मोकळे. पुढे महिनाभर बाबा लाडके आणि आई दुष्ट. थोरली तेव्हा सहा-सात वर्षांची. ती शेजारच्या काकूंना सांगून आली, "आमच्या आईला फक्त 'नाही' येतं."

त्या दिवशी कॅशियरबाईचा बांध फुटला.

"उद्यापासून तुम्ही म्हणा नाही," ती मास्तरांना म्हणाली. "दूधवाल्याला तुम्ही सांगा, मुलींना तुम्ही सांगा, तुमच्या बहिणीला तुम्ही सांगा. मी थकले. मला पैसे नसल्याचा त्रास नाही होत हो, सारखं तोंड वाईट करायचा होतो."

मास्तर जेवता जेवता थांबले. भांडण त्यांना जमत नसे. म्हणाले, "एक महिना तू, एक महिना मी. चालेल?"

असा तो नियम जन्माला आला, आणि सगळ्या नियमांसारखाच चांगल्या हेतूने जन्माला आला. ज्याचा महिना, त्याच्याकडे पाकीट. ज्याच्याकडे पाकीट, त्याचा शब्द. दुसऱ्याने त्यात नाक खुपसायचं नाही.

मास्तरांच्या पहिल्या महिन्याचा विषय गल्लीत अजून निघतो. त्यांना 'नाही' हा शब्द तोंडातून काढताच येईना. बहीण आली, तिला हो. थोरलीला रंगपेटी हो, सहलीला हो. दारावर एक माणूस न मोडणाऱ्या कंगव्यांचा डझन घेऊन आला, त्यालाही हो. सतरा तारखेला पाकीट रिकामं झालं आणि उरलेले तेरा दिवस घरात सकाळ-संध्याकाळ बटाटे. शेवटच्या आठवड्यात मास्तर स्वतःच बटाट्याकडे बघून म्हणाले, "शिकलो." आणि खरोखर शिकले. इतके शिकले की पुढे पुढे 'नाही' म्हणताना ते मान वर करेनासे झाले.

नियमाला दोन शेपट्या मागाहून फुटल्या. पहिली अशी, की कारण विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. कारण खरी भांडणं पैशावरून होतच नसत, कारणांवरून होत. तुला कशाला, मग मला का नाही, तुझ्या माहेरचं ते गरजेचं, माझ्या बहिणीचं ती उधळपट्टी. त्यापेक्षा नुसता आकडा मागायचा. समोरच्याने हो किंवा नाही म्हणायचं. विषय संपला. दुसरी अशी, की ज्याच्याकडे पाकीट आहे त्याने स्वतःसाठी त्यातून काही घ्यायचं नाही. स्वतःला काही हवं असेल तर दुसऱ्याच्या महिन्याची वाट बघायची आणि मागायचं. हे कॅशियरबाईनेच घातलं होतं. गल्ल्यावर बसणाऱ्याने गल्ल्यातून सुटे पैसेसुद्धा घ्यायचे नाहीत, ही तिची बारा वर्षांची सवय.

आता हे ऐकून कोणी म्हणेल, काय समंजस जोडपं! नातेवाईक म्हणतही. नणंद तर चारचौघांत कौतुक करायची, आणि दादाचा महिना कधी आहे ते बरोबर लक्षात ठेवून यायची. धाकटी तिसरीत गेली तरी तिला तारीख-वार सांगता येत नव्हतं, पण आईचा महिना की बाबांचा हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायची. घरात आरडाओरडा नव्हता. उधारी नव्हती. फक्त नऊ वर्षांत हळूहळू असं झालं, की दोघं एकमेकांना काही विचारेनाशी झाली. नियम खर्चाचा होता, पण तो हातपाय पसरत गेला. डोकं का दुखतंय, उशीर का झाला, गप्प का, यालाही तो लागू झाला. विचारण्याचेही कष्ट असतात, आणि दोघंही दिवसअखेर दमलेली. न विचारणं सोपं पडायचं. त्यालाच दोघं एकमेकांचा विश्वास समजत.

यंदा पावसाळ्यात, मास्तरांच्या महिन्यात, तिने सातशे मागितले.

दुकानातली तिची जुनी सोबतीण नोकरीतून निवृत्त होत होती. जुन्या सगळ्याजणी एका हॉटेलात जेवायला जमणार होत्या, माणशी सातशे वर्गणी. जेवणाचं तिला अप्रूप नव्हतं. तिला एक दुपार अशा बायकांत बसायचं होतं, ज्यांनी तिला गल्ल्यामागे बसलेली पाहिलं होतं. ज्या तिला अजून तिच्या पगाराच्या दिवसांवरून ओळखत होत्या. तिने आठ दिवस आधी मनातल्या मनात साडी निवडून ठेवली, चपलेचा अंगठा शिवून आणला आणि सकाळी, मास्तर बुटाची नाडी बांधत होते तेव्हा, म्हणाली, "मला सातशे हवे होते."

"नाही," मास्तर म्हणाले. मान खाली, हात नाडीवर.

नियमाप्रमाणे विषय संपला. तिने डबा त्यांच्या हातात दिला. सोबतिणीला फोन करून पाठीत उसण भरल्याचं सांगितलं. जेवणाच्या दिवशी दुपारी तिने घरातले सगळे डबे काढून घासले, अगदी घासायची गरज नव्हती तेही. आतून ती इतकी दुखावली होती की तिचं तिलाच नवल वाटलं. नऊ वर्षांत तिने किती 'नाही' ऐकले आणि किती म्हटले त्याची गणती नव्हती, मग हाच एक का रुतावा? पण रुतला. नाडीकडे बघत म्हटलेला तो शब्द तिला भांडी घासताना ऐकू येई.

पुढचा महिना तिचा. बावीस-तेवीस तारीख असेल. संध्याकाळी ती चहा करत होती. मास्तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. काही मागायचं असलं की ते असेच उभे राहत, शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखे.

"अडीच हजार मिळतील का?"

पाकीट टेबलावर होतं. त्यात साडेतीन हजार होते. घरभाडं गेलं होतं, मुलींच्या फिया गेल्या होत्या, किराणा भरला होता, महिना संपायला आठ दिवस. हे सगळं तिच्या डोक्यात एका क्षणात जुळलं, मेळ बसवणारं डोकं होतं ते. आणि तरी ती चहाकडे बघतच म्हणाली, "नाही."

"बरं," मास्तर म्हणाले आणि वळले. वळताना दाराच्या चौकटीला त्यांचा डावा खांदा आपटला.

खोटं कशाला सांगा, तिला बरं वाटलं. चहा गाळेपर्यंतच बरं वाटलं, पण वाटलं. कळू दे म्हणावं कसं लागतं ते. अडीच हजार कशाला हवे असतील हा प्रश्न तिला पडला नाही असं नाही, पण विचारायचं नसतंच, आणि त्या दिवशी तो नियम तिला फार सोयीचा वाटला. महिनाअखेर उरलेल्या पैशांचा हिशोब तिने चोख लावला आणि पाकीट मास्तरांकडे दिलं.

त्यानंतर मास्तरांनी काही मागितलं नाही. त्यांच्या स्वतःच्या महिन्यात ते स्वतःसाठी घेऊ शकत नव्हते, आणि पुन्हा तिचा महिना आला तेव्हा थोरलीच्या दहावीच्या परीक्षेची फी होती. मास्तर स्वयंपाकघराच्या दारात आलेच नाहीत.

पण घरात बारीकसारीक काहीतरी बिघडत चाललं होतं. मास्तर पाण्याचे पेले पाडू लागले. ताटाच्या डाव्या बाजूला ठेवलेलं त्यांना मिळेना, ती म्हणे, "अहो, समोर तर आहे!" जिन्याची शेवटची पायरी ते पायाने चाचपून उतरू लागले. धाकटी एकदा त्यांच्या शेजारी बराच वेळ वही धरून उभी राहिली आणि मग रडवेली होऊन आईकडे आली, "बाबा माझ्याकडे बघतच नाहीत." कॅशियरबाईच्या मनात आलं, रुसलेत अजून. अडीच हजारांवरून! पन्नाशीला आलेला माणूस पोरीवर राग काढतो म्हणजे काय? तिला चीड आली आणि चिडून तीही गप्प राहिली. घरात आधीच शांतता होती. ती आणखी वाढली.

मग पगार कमी येऊ लागला. मास्तरांना पगार रोख मिळे, बंद पाकिटात. फीच्या महिन्यात तिच्या हाती आलेल्या पाकिटात सहाशे कमी होते. तिने दोनदा मोजले आणि मास्तरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "या वेळी तेवढेच." मधला महिना त्यांचा, तेव्हा किती आले ते तिला कळायचं कारण नव्हतं. त्याच्या पुढच्या महिन्यात मात्र एकदम एकोणीसशे कमी. पुन्हा, "तेवढेच."

एकोणीसशे म्हणजे पंधरा दिवसांचं दूध आणि भाजी. कॅशियरबाई रात्रंदिवस तोच विचार करू लागली. बहिणीला देत असतील का? दारू? मास्तर दारू पिऊन घरी येतील आणि तिला वास येणार नाही, हे शक्य नव्हतं. लॉटरी? की आणखी कोणी? हा शेवटचा विचार तिचा तिलाच हास्यास्पद वाटला. बाहेरच्या बाईशी बोलायलाही मास्तरांना आकड्यांखेरीज शब्द सापडले नसते. पण मन थकलं की कुठेही जातं. एकवीस वर्षांच्या संसारात तिने पहिल्यांदा नवऱ्याच्या सदऱ्याचे खिसे उलटे केले. खडूचा भुगा निघाला, दुसरं काही नाही.

विचारायला काय झालं होतं? तोंड उघडायचं आणि म्हणायचं, "एकोणीसशे कुठे गेले हो?" एवढंच. पण विचारलं तर तेही विचारतील, असं तिच्या मनात कुठेतरी होतं. तू त्या दिवशी नाही का म्हणालीस, असं विचारतील.

शेवटी एका सकाळी मास्तर डबा विसरून गेले. विसरले कसले, ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात ठेवलेला त्यांना दिसलाच नव्हता, पण हे तिला अजून माहीत नव्हतं. तिने पिशवी उचलली. डबा तर द्यायचाच होता, म्हटलं बघून तरी येऊ.

कारखाना एका गोदामाच्या माडीवर होता. लोखंडी जिना, वर एक मोठी खोली, तीस शिलाई मशिनांचा घरघराट आणि इस्त्रीच्या वाफेचा दमट वास. टोकाला कटिंगचं टेबल. मास्तर पाठमोरे होते. तिने हाक मारली नाही, एका खांबाशी उभी राहून बघत राहिली. मास्तरांनी फर्मा ठेवला, उजवी कड खडूने झरझर आखली, आणि मग डाव्या कडेला यायच्या आधी आख्खी मान वळवली, कोंबडी वळवते तशी, आणि बोटांनी कापडाची कड चाचपली. चाचपून पुन्हा मान वळवली. मग बटणं लावणाऱ्या म्हाताऱ्या बाईला हळूच म्हणाले, "मावशी, जरा बघता का, रेघ कडेच्या आत आहे ना?" मावशी हातातलं काम टाकून उठली आणि बघून आली. दोघांच्याही वागण्यात काही नवं नव्हतं. रोजचंच असावं.

"वहिनी? तुम्ही आलात ते एक बरं झालं."

मागे मालक उभे होते. माणूस वाईट नव्हता, हिशोबी होता. ते तिला बाजूच्या खोलीत घेऊन गेले. तिथे कोपऱ्यात पांढऱ्या बाह्यांचा ढीग पडला होता.

"या डाव्या बाह्या," मालक म्हणाले. "सगळ्या दोन बोटं तोकड्या. प्रत्येक वेळी डावीच कड चुकते. मी निम्मं नुकसान सोसतो, निम्मं त्यांच्या पगारातून कापतो. मलाही बरं वाटत नाही हो, पण किती दिवस? तुम्ही त्यांचे डोळे दाखवले की नाही शेवटी?"

"डोळे?" ती म्हणाली.

"सांगितलं नाही त्यांनी? चष्मेवाल्याने चिठ्ठी दिली होती ना, डोळ्याचा दाब वाढलाय, मोठ्या डॉक्टरकडे जा म्हणून. चार महिने झाले असतील. मीच फोन करून विचारलं होतं, सगळ्या तपासण्या धरून अडीच हजार. दुसऱ्या दिवशी यांना म्हटलं, कधी जाताय? तर म्हणाले, या महिन्यात जमत नाही. उचल घ्या म्हटलं, तर नुसती मान हलवली."

कॅशियरबाईने हातातला डबा खाली ठेवला. ठेवला तो बाह्यांवर, हे तिच्या लक्षात आलं नाही. चार महिन्यांपूर्वीची ती संध्याकाळ तिला चहाच्या वासासकट आठवली. साडेतीन हजार होते. आठ दिवस होते.

त्याच दिवशी तिने मास्तरांना उठवून नेलं. "चला," एवढंच म्हणाली, आणि मास्तरांनी कुठे असं विचारलं नाही. महिना तिचाच होता, पाकीट तिच्या पिशवीत होतं. कोणी कोणाकडे काही मागितलं नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात तीन तास गेले. मास्तरांच्या डोळ्यांत थेंब घालून बसवलं, मग आत नेलं, एका पांढऱ्या भांड्यात तोंड घालून दिवे मोजायला लावले. मास्तर प्रामाणिकपणे दिसेल तेवढेच दिवे सांगत होते. डॉक्टरीणबाई तरुण होती आणि घाईत नव्हती. कागदावर तिने दोन वर्तुळं दाखवली. डावं जवळजवळ काळं होतं. उजव्याची एक कड काळी होती.

"काचबिंदू," ती म्हणाली. "हा न दुखता येतो. गेलेलं परत आणता येत नाही, उरलेलं राखता येतं. थेंब आयुष्यभर घालायचे, एक दिवसही चुकवायचा नाही. आणि कटरवर काम करता ना? ते बंद करा."

मास्तरांनी मान हलवली, मालकांपुढे हलवली तशीच. कॅशियरबाईने विचारलं, "चार महिन्यांपूर्वी आलो असतो तर?"

डॉक्टरीणबाईने तिच्याकडे पाहिलं. "चार महिन्यांत किती गेलं ते आता सांगता नाही यायचं," ती म्हणाली. "काहीतरी वाचलं असतं."

खाली येऊन ती दोघं फाटकाजवळच्या बाकावर बसली. मास्तरांच्या बाहुल्या थेंबांनी मोठ्या झाल्या होत्या आणि उन्हाने त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. तिने औषधं घेतली होती, एका महिन्याची सातशेची. मालकांनी निघताना सांगितलं होतं, कटिंग जमणार नसेल तर घड्या घालून खोकी भरायचं काम देतो, पगार मात्र निम्म्यापेक्षा थोडा जास्त. तिच्या डोक्याने आपणहून मेळ बसवायला घेतला, भाडं, दूध, थोरलीचं कॉलेज, सातशे, आणि पहिल्यांदाच अर्ध्यात सोडून दिला.

"अहो," ती म्हणाली.

"हं."

"तुम्ही अडीच हजार मागितले तेव्हा पैसे होते माझ्याकडे. साडेतीन हजार होते. मी मुद्दाम नाही म्हटलं."

मास्तर रुमालाने डोळे टिपत होते. टिपून झाल्यावर रुमालाची नीट घडी घातली.

"माहीत होतं," ते म्हणाले.

"माहीत होतं?"

"पाकीट टेबलावर होतं. इतकी वर्षं झाली, नुसत्या फुगवट्यावरून कळतं किती असतील."

"मग भांडला का नाहीत? सांगायचं ना, डोळ्यांसाठी हवेत म्हणून! मी काय राक्षसीण आहे? डोळ्यांसाठी नाही म्हटलं असतं मी?" तिचा आवाज चढला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या आजोबांनी सभ्यपणे तोंड फिरवलं.

"कोणत्या तोंडाने भांडू?" मास्तर म्हणाले. "तुझ्या सातशेच्या वेळी माझ्याकडेही होते."

तिने मांडीवरची औषधांची पुडी बाकावर ठेवली.

"तुला तिकडे जाऊ द्यायचं नव्हतं," ते हळूहळू बोलत होते, आखलेल्या रेघेवरून चालल्यासारखे. "त्या बायकांना भेटून आलीस की पुढे आठ दिवस तू घरात पाहुण्यासारखी वावरतेस. मला वाटतं, हिने नोकरी सोडली ती माझ्या आईसाठी, आणि आता हिला इथे करमत नाही. मला ते सोसत नाही. म्हणून म्हटलं नाही. मग तू नाही म्हणालीस, तेव्हा म्हटलं, उधारी फिटली."

फिटली! सातशेच्या जेवणाला एक डोळा. तिला वाटलं आता रडू येईल. रडू आलं नाही, राग आला, आणि तोही अर्धाच आला, कारण उरलेला अर्धा तिने सकाळपासून स्वतःवर खर्च केला होता. या माणसाच्या शेजारी ती एकवीस वर्षं झोपली होती. नऊ वर्षं दोघांनी एकमेकांना एकही उलट प्रश्न विचारला नव्हता आणि लोक त्याचं कौतुक करत होते. तिला त्यांचा दंड धरून गदागदा हलवावंसं वाटलं. त्यांच्या बाहीवर पांढरा खडू लागला होता. तिने तो झटकला.

"करमत नाही ते त्या बायकांमुळे नाही," ती म्हणाली. "तुम्ही विचारत नाही म्हणून करमत नाही. काय जेवलात, कोण आलं होतं, काय बोललात. एक शब्द विचारत नाही तुम्ही."

"तूही नाही विचारत."

"हो. मीही नाही."

एवढं बोलून दोघंही थकली. खूप दिवसांनी एवढं बोलणं झालं होतं. तीन वाजून गेले होते. मुली शाळेतून यायच्या होत्या आणि घराची किल्ली हिच्या पिशवीत होती.

बसचा थांबा रस्त्यापलीकडे. रस्ता एकेरी, गाड्या सगळ्या डावीकडून सुसाट येणाऱ्या. मास्तर पदपथाच्या कडेला उभे राहिले आणि पायाने कड चाचपू लागले. ती त्यांच्या उजव्या हाताला होती. ती मागून वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला आली आणि तिने त्यांचं कोपर धरलं.

"इकडून चल ना, उजवीकडून," मास्तर म्हणाले. "तिकडे तू मला दिसत नाहीस."

"माहीत आहे," ती म्हणाली. "गाड्या इकडून येतात."

तिने कोपर सोडलं नाही. एक ट्रक गेला, मागून दोन मोटारी गेल्या. "आता," ती म्हणाली, आणि मास्तर समोर बघत, तिच्या हाताबरोबर, रस्त्यात उतरले.